बेदियाकोची बटणं

बेदियाको मूर्ख नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. कुमासी शहरातल्या ताफोच्या आमच्या गल्लीत आता जो तो म्हणतो, "एवढा कारागीर माणूस, आणि स्वतःच्या हाताने स्वतःची लाइट कापून घेतली!" बोलणाऱ्याचं काय जातं? मी त्याच्या दुकानासमोर केन्के, म्हणजे पानात बांधून उकडलेले मक्याचे गोळे, आणि तळलेली मासळी विकते. माझी चूल आणि त्याचं दुकान यांच्यामध्ये फक्त रस्ता, तोही एवढा अरुंद की तो तिकडे खोकला तर मी इकडून पाणी न्यावं. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. तो मूर्ख नव्हता. त्याला एक मित्र होता, एवढंच.

मित्राचं नाव न्यार्को. दोघे एकाच अंगणात वाढले. बेदियाकोची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून न्यार्कोच्या आईने, आचियाआजीने, त्याला आपल्या पोराबरोबर एकाच वाडग्यातून जेवू घातलं. फुफूचा गोळा एक, सूप एक, हात दोन. सुपातला मासा कुणाच्या वाट्याला जायचा ते मी पाहिलेलं नाही, पण आता अंदाज करता येतो. बेदियाको तिला आईच म्हणायचा. तिच्या छपरावर पत्रा ठोकायचा, तिला दवाखान्यात न्यायचा, ईस्टरला तिला कापड आणायचा. पोटचा पोरगा तोवर हॅम्बुर्गला जाऊन बोर्गा, म्हणजे परदेशी कमावणारा, झाला होता आणि दर रविवारी फोनवर आईला विचारत होता, "जेवलीस का?" फोनवरून विचारायला लाकडं लागत नाहीत.

बेदियाको दिसायला उंच आणि किंचित वाकलेला. कानामागे टेस्टर, तोंडात चर्चमधल्या गाण्याची शीळ. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन ओबुआसीला. केजेटियाच्या बाजारातल्या एका उस्तादाकडे तो वायरिंग शिकला आणि नंतर खांद्यावर पिशवी टाकून दारोदार फिरत राहिला. त्याचं एकच स्वप्न होतं, ते तो माझ्याकडे केन्के खाता खाता सांगायचा. "पोकुआताई, एक दुकान पाहिजे. मोठं नको. वर माझं नाव, आत एक खुर्ची. गिऱ्हाइकाने मला शोधत यावं. मी फिरून फिरून माझीच चप्पल झालोय."

न्यार्कोने हळूहळू, वर्षानुवर्षं पैसे पाठवत आमच्या समोरच्या मोकळ्या जागेत घर बांधलं. दुमजली, वर गच्ची, पुढे भिंत, भिंतीत लोखंडी गेट आणि गेटला चिकटून एक लहानशी खोली. घराच्या भिंतींतले सगळे पाइप आणि वायरी बेदियाकोने टाकल्या. मजुरी घेतली नाही. "आपल्याच घरचं काम," म्हणायचा. घर पुरं झालं, आचियाआजी तिथे वरच्या खोलीत राहायला गेली. त्या नाताळात न्यार्को आला, आणि अंगणात उभं राहून, आई, मी आणि गल्लीतले जाणते म्हातारे अम्पोन्सा यांच्या समोर बोलला, "बेदियाको, ही गेटची खोली तुझी. दुकान काढ. मी असेन तोवर तुझी आणि मी नसेन तेव्हाही तुझीच."

आमच्यात कुणी काही दिलं, मग ती जमीन असो की खोली, तर घेणाऱ्याने असेदा द्यायचा असतो. आभाराची बाटली. देणाऱ्याने ती चारचौघांत हातात घ्यायची, साक्षीदारांनी घोट घोट चाखायची, आणि मग तो व्यवहार पक्का. त्यानंतर देणाऱ्याचा बापही ते परत मागू शकत नाही. बेदियाको दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, जिनची बाटली दोन्ही हातांत धरून आला. आम्ही सगळे परत जमलो, गल्लीतल्या बायकाही आल्या. न्यार्कोने बाटलीकडे पाहिलं, मोठ्याने हसला आणि ती त्याच्याच छातीवर ढकलली.

"तू माझे आभार मानणार? तू? एका वाडग्यातून जेवलो आपण. असेदा परक्याकडून घेतात, भावाकडून नाही. घेऊन जा ती, नाहीतर मी रागावेन."

काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या बायका "व्वा" म्हणाल्या. अम्पोन्साम्हातारे तेवढे पुटपुटले, "घ्यायला हवी होती." आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याच्या घशाला कोरड पडली असेल.

दुकान मात्र झकास चाललं. दारावर पाटी लागली, 'बेदियाको इलेक्ट्रिक', ती त्याने स्वतः रंगवली आणि 'क' जरा वाकडा झाला. आत खुर्ची, भिंतीवर होल्डर, प्लग, वायरींची वेटोळी. लोक त्याला शोधत यायला लागले. माझ्याकडेही गिऱ्हाईक वाढलं, कारण पंखा दुरुस्त होईस्तोवर माणूस खाणारच. तो शीळ घालायचा आणि मी मासे तळायचे, अशी आमची वर्षं चांगली गेली.

मग हॅम्बुर्गहून पिंप आलं. बोर्गा लोक बोटीने पिंपं पाठवतात, त्यात साबण, बूट, तेल काहीही असतं. या पिंपात काचेची बटणं होती. गुळगुळीत, काळी, मधे बारीक निळा ठिपका. दाबायची नाहीत, नुसता हात लावायचा. काहींवर गोल चकती, लाइट कमीजास्त करायला, त्यांना डिमर म्हणतात. आणि एक पांढरी डबी, जी सगळ्या बटणांशी बोलणार आणि न्यार्कोच्या फोनशीही बोलणार. म्हणजे हा माणूस जर्मनीत पलंगावर पडून ताफोतल्या आपल्या बैठकीतला दिवा घालवू शकणार. मी म्हटलं, "आईच्या पायाला तेल चोळायचं बटण नाही आलं का त्यात?"

"पोकुआताई, तू पण ना," बेदियाको हसला. "जग कुठे चाललंय बघ. हे काम कुमासीत येतंय कुणाला? मी शिकणार."

आणि शिकला. दुकानात बसून फोनवर व्हिडिओ पाहायचा, थांबवायचा, परत पाहायचा. पहिली अडचण न्यूट्रलची आली. जुन्या पद्धतीत बटणापर्यंत फक्त फेजची वायर आणतात, न्यूट्रल वरच्यावर दिव्याला जातं. या काचेच्या बटणांना दोन्ही लागतात. मला त्याने समजावलं ते असं: "जुनं बटण झोपलेलं असतं, त्याला जेवण लागत नाही. हे बटण दिवसरात्र जागं, कोण हाक मारतंय ऐकत बसलेलं. जाग्याला खायला घालावंच लागतं." मग प्रत्येक बटणासाठी त्या घराच्या पाइपांतून नवी वायर ओढणं आलं. कुठे पाइपात सिमेंट उतरलेलं, कुठे कोपऱ्यात वायर अडकलेली. भिंती फोडायच्या, परत लिंपायच्या. संध्याकाळी तो माझ्या चुलीशी येऊन बसायचा तेव्हा केसांत पांढरी भुकटी आणि खांदा इतका दुखलेला की केन्केचं पान डाव्या हाताने सोडायचा.

मग डिमरने छळलं. बैठकीतले दिवे मंद केले की फडफडायचे, आणि डिमर माशीसारखा गुणगुणायचा. त्याने दिवे बदलले, डिमरची सगळ्यात खालची पातळी थोडी वर आणली, आणि एका संध्याकाळी मला हात धरून न्यायला आला. "बघ ताई." त्याने चकतीवरून बोट फिरवलं आणि एवढी मोठी बैठक हळूहळू, एकही फडफड न करता, तांबूस होत होत अंधारात गेली आणि परत आली. त्याचा चेहरा असा झाला होता की मी मारायला निघालेला टोमणा गिळला.

बटण डबीला जोडलं की त्याला नाव द्यावं लागतं, म्हणजे पुढे त्या नावाने हाक मारता येते. आता नाव द्यायचं म्हटल्यावर आमचा माणूस काय करणार? ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. स्वयंपाकघराचं बटण शुक्रवारी जोडलं, ते झालं अफिया. बैठकीचा डिमर रविवारचा, म्हणून क्वासी. एकाच दिवशी दोन जोडली तर थोरला आणि धाकटा. मी पोट धरून हसले. "अरे, बारसं घालतोस की वायरिंग करतोस?"

"जन्मच आहे की. माझ्या हातून झालाय."

आपल्या दुकानाची लाइट त्याने आजवर वेगळी ठेवली होती. थेट मीटरच्या बोर्डावरून आलेली स्वतंत्र वायर, आणि स्वतःचं छोटं मीटर घ्यायचा विचारही चालला होता. पण न्यार्को फोनवर म्हणाला, "वेगळं कशाला? एकच घर आहे आपलं. तुझं दुकानही या डबीवर घे. चोर आला तर मी इथून तुझी लाइट लावेन." मी चुलीवरून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हटलं, "बेदियाको, स्वतःचं मीटर घे. मीटरवर नाव असतं."

"भावाभावांत मीटर कसलं, ताई?"

"भावाभावांतच लागतं. परक्याशी तर आपण आधीच सावध असतो."

त्याने ऐकलं नाही. दुकानाचं बटण गुरुवारी जोडलं. तो स्वतः गुरुवारचा जन्मलेला, म्हणून त्या बटणाला नाव मिळालं याव. त्याचं स्वतःचंच नाव. घरातलं शेवटचं बटण ते. ते लावून झाल्यावर न्यार्कोने फोनवर सांगितलं, "आता सगळ्याची मालकी माझ्या फोनवर पाठव आणि तुझा फोन त्यातून काढून टाक. दोन मालक झाले की डबी गोंधळते." बेदियाकोने तसं केलं. काही दिवसांनी न्यार्को फोनवर हसत म्हणाला, "तुझे ते क्वासी आणि अफिया माझ्या बायकोला काही लक्षात राहीनात. मी सरळ नावं दिली. बैठक, स्वयंपाकघर, असं." बेदियाकोलाही ते पटलं. "बरोबर आहे, कुठलं बटण कुठल्या वारी जोडलं ते त्या बिचारीला कुठे माहीत," म्हणाला. दुकानाचं नवं नाव काय ठेवलं, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही. आपल्या दुकानाला दुसरं नाव काय असणार?

ईस्टरला न्यार्को बायकोला घेऊन आला आणि त्याने घराचा सोहळा केला. अंगणात मांडव, खुर्च्या, बकरं कापलेलं, स्पीकर मोठ्याने चालू. हॅम्बुर्गचे आणखी बोर्गा, आक्राहून आलेले पाहुणे, पाद्री, सगळी गल्ली. माझ्याकडे मासळी सांगितली होती म्हणून मीही आत. बेदियाकोने परत तोच इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकान त्याने मुद्दाम उघडं ठेवलं होतं, आतला दिवा लावून, पाटी पुसून. आज एवढे लोक येणार, त्यांना दिसायला नको? तो पाहुण्यांच्या मागे उभा होता आणि आपलं नाव कधी घेतलं जातं याची वाट बघत होता. मी त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले.

अंधार पडला तसा न्यार्को ओट्यावर चढला. फोन तोंडासमोर धरला. डबीला आमची ट्वी भाषा कळत नाही, तिच्याशी इंग्रजीतच बोलायचं.

"बैठक, मंद कर."

काचेमागे बैठक तांबूस झाली. लोक "ओहो" म्हणाले.

"स्वयंपाकघर, बंद." बंद झालं. "गच्ची, चालू." वर गच्ची उजळली. पाद्रीसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. न्यार्कोला चेव आला. त्याने हात लांब करून गेटकडे दाखवलं.

"वॉचमन, बंद."

आणि बेदियाकोचं दुकान काळं झालं.

वॉचमन म्हणजे कोण, हे सांगायला आमच्या गल्लीत इंग्रजी शिकावं लागत नाही. घरधनी परदेशी असला की गेटपाशी जो राखण करत झोपतो, तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना तो एक दिवा होता, गेला. मी बेदियाकोकडे पाहिलं. त्याचेही हात टाळ्यांसाठी वर आले होते. ते तसेच हवेत राहिले. न्यार्को परत म्हणाला, "वॉचमन, चालू," दुकान उजळलं, पाटी दिसली, वाकडा 'क' दिसला. "वॉचमन, बंद." पाहुणे हसत होते. पोरांना खेळ सापडला होता.

तेवढ्यात बाहेर एक गाडी आली आणि हॉर्न वाजला. न्यार्कोच्या बायकोच्या एका मैत्रिणीने मागे वळून पाहिलं. बेदियाको गेटच्या सगळ्यात जवळ. "वॉचमन," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "जरा गेट उघडता का?"

त्याने उघडलं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. मी त्याच्या जागी असते तर मासळीचं तबक तिच्या डोक्यावर उपडं केलं असतं. तो गेला, कडी काढली, दोन्ही दारं मागे लोटली आणि गाडी आत येईपर्यंत ती धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "चुकून झालं असेल. बटणाचंच तर नाव आहे."

"बटणाचं? त्या बटणाचं नाव याव होतं. याव कोण आहे?"

तो उठला आणि समोर गेला. न्यार्को गेटपाशीच दात घासत होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"न्यार्को, माझ्या दुकानाला तू वॉचमन नाव दिलंस?"

"अरे, खोली तीच ना? नकाशात ती वॉचमनचीच खोली आहे." त्याने चूळ भरली. "बरं, बोलायचंच होतं तुझ्याशी. माझ्या बहिणीच्या पोराला काहीतरी धंदा लावून द्यायचाय. फोनवरून पैसे पाठवायचं दुकान त्याला इथे टाकू दे. गेटची जागा चांगली आहे. तू एवढा नावाजलेला कारागीर, तुला कुठेही मिळेल."

"पण ही तू मला दिलीस."

"बसायला दिली. मी घेऊन टाक म्हटलं का कधी? घरावर लक्ष राहावं म्हणून दिली होती. बेदियाको, उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. आणि वर आयत्या बिळावर नागोबा तयारच होता. भाचा त्याच दिवशी येऊन खोलीचं माप घेऊन गेला.

बेदियाको अम्पोन्साम्हाताऱ्यांकडे गेला. दुसरीकडे कुठे जाणार? त्यांनी दोघांना बोलावलं. साक्षीदार म्हणून मला बोलावलं, आचियाआजीला खुर्ची दिली. मी ठरवून गेले होते, आज या बोर्ग्याची सालटी काढायची. बेदियाकोने सगळं सांगितलं. न्यार्कोने मान खाली घालून, अगदी दुखावल्यासारखा चेहरा करून ऐकलं. मग म्हणाला, "आजोबा, मी एकच विचारतो. मी याच्याकडून असेदा घेतला का?"

म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा माझ्याकडे पाहिलं. "पोकुआ, तू होतीस. बाटली आणली होती?"

"आणली होती! दोन्ही हातांत धरून आणली होती. आणि याने प्रेमाचं नाटक करून..."

"विचारलं तेवढं सांग. याने ती हातात घेतली?"

"आजोबा, हा म्हणाला, असेदा परक्याकडून..."

"घेतली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बेदियाकोही. खोटं बोलले असते तर? माझ्यासारखंच गल्लीतल्या दहा बायकांनी ते पाहिलं होतं. आणि बेदियाकोच्या डोळ्यांत खोटं बोल असं नव्हतंच. तो नुसता बघत होता, मी खरं बोलल्यावर सगळं ठीक होईल अशा भरवशाने.

"नाही," मी म्हटलं. "परत ढकलली."

"कुणी चाखली?"

"कुणीच नाही."

म्हातारे बराच वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. "मग ते बोललं गेलं," शेवटी म्हणाले, "दिलं गेलं नाही. न्यार्को, तुझ्या वागण्याला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे, ते देव बघेल. पण खोली तुझीच आहे." बाहेर पडताना मी न्यार्कोच्या पुढ्यात थुंकले. त्याने बाजूला होऊन मला वाट दिली. सभ्य माणूस!

खोली रिकामी करायला फार काही लागलं नाही. वायरींची वेटोळी, प्लग, खुर्ची. पाटी त्याने काढली नाही, ती भाच्याने काढली. घरातलं एकही बटण बेदियाकोने सैल केलं नाही, एकही वायर ओढली नाही. मी म्हटलं होतं, "एक न्यूट्रल सोडून ये, सगळी हुशारी उतरेल." तो म्हणाला, "काम चांगलं झालंय ताई. कामाने काय केलंय?" न्यार्को हॅम्बुर्गला परत गेला. गरज सरो, वैद्य मरो. तेव्हापासून बेदियाको माझ्या छपराखाली, लाकडाच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतो. गिऱ्हाईक येतं, पण पूर्वीइतकं नाही, आणि शीळ नाही.

त्यानंतर पावसाळा येऊन गेला. एका दुपारी आचियाआजी काठी टेकत समोरच्या गेटपाशी आली आणि ओरडली, "पोकुआ! त्याला सांग गं, माझ्या खोलीचं बटण माझं ऐकत नाही."

आम्हाला कळलं ते असं. म्हातारीने जन्मभर कोकोच्या शेंगा फोडल्या, मुसळ धरलं. बोटं लाकडासारखी कोरडी झालेली. ती काच त्या बोटांना ओळखायचीच नाही. दहादा हात लावावा तेव्हा एकदा दिवा लागे. संध्याकाळ झाली की ती अंधारात बसे, नाहीतर मुलाला जर्मनीत फोन लावून म्हणे, माझा दिवा लाव. मुलगा कामावर. भाचा गेटवर फोनात डोकं घालून.

"जाऊ नकोस," मी बेदियाकोला म्हटलं. "जर्मनीहून येईल की कुणीतरी."

"आई अंधारात बसेल?" तो उठला. पिशवी घेतली.

मी त्याच्या मागोमाग केन्के आणि मासळी घेऊन गेले, म्हातारी जेवली नसेल म्हणून आणि हा तिथे एकटा जाऊ नये म्हणूनही. त्याने मेन बंद केलं, काचेचं बटण काढलं, आणि त्या जागी जुन्या धाटणीचं पांढरं खटक्याचं बटण बसवलं. "लाव आई." तिने अंगठ्याने दाबलं. खट्. दिवा लागला. खट्. गेला. म्हातारी लहान मुलीसारखी हसली आणि चारपाच वेळा उगाचच खटखट करत राहिली. मग पलंगावर बसून केन्केचं पान सोडायला लागली. बेदियाको खाली फरशीवर बसून पेच पिशवीत भरत होता. मान वर न करता त्याने विचारलं,

"आई, एकच मनात राहिलंय. त्या नाताळात त्याने बाटली परत केली, तेव्हा मी घरी जाऊन रडलो होतो. आनंदाने. तेव्हापासूनच त्याच्या मनात हे होतं का?"

"नाही रे," आजी म्हणाली. माशाचा काटा काढून तिने पानाच्या कडेला ठेवला. "त्याच्यावर रागावू नकोस. तो घेणारच होता बाटली. मीच त्याला आदल्या रात्री सांगितलं, घेऊ नको. प्रेमाने परत कर म्हटलं, म्हणजे तुला वाईट वाटायचं नाही." तिने घास मिरचीत बुडवला. "तू चांगलाच आहेस. तुझ्यासारखं माझं कुणी केलं नाही. पण लेकीचं पोर तेव्हा वाढत होतं, त्याला उद्या काहीतरी लागणार हे मला दिसत होतं. आपल्या रक्ताचं ते आपल्या रक्ताचं. मग? मासळी आज जरा खारट झालीये गं, पोकुआ."

मी नुसती मिरचीची वाटी तिच्याकडे सरकवली. मी, पोकुआ, जिच्या तोंडाला अख्खी गल्ली घाबरते.

बटणाच्या खाली भिंतीची थोडी भुकटी पडली होती, ती बेदियाकोने हाताने गोळा केली आणि खिडकीबाहेर टाकली. पेच घट्ट आहेत का ते एकदा पाहिलं. पिशवी खांद्यावर घेतली, दारापाशी गेला आणि वळला.

"येतो, न्यार्कोच्या आई."

म्हातारीचा हात घासासकट थांबला. तो जिना उतरून गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"हा कुणाला म्हणाला गं?"

"तुम्हालाच," मी म्हटलं.